अडल्या वेळचें भाडें आणि दवाखान्याचें बिल

(श्रीपूर येथील एका बागाईतदार सभासदाकडून)

आपल्या मासिकांतून लागणीचा हंगाम, खतांची मात्रा, पाण्याच्या पाळ्या आणि जनावरांचे रोग यांविषयीं वेळोवेळीं लेख येत असतात व वाचकवर्ग ते आस्थेनें वाचतो. बैलास घटसर्प झाला तर काय करावें हें आपल्यापैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. घरांतील कर्त्या माणसाच्या छातींत मध्यरात्रीं कळ आली तर कोणास हांक मारावी, गाडीस किती द्यावें, दवाखान्याच्या दारांत कोणता कागद मागावा, हें मात्र फार थोड्यांस सांगतां येईल. हा विषय शेतीच्या मासिकाचा नव्हे असें कोणी म्हणेल. परंतु एका आजारपणापायीं विहिरीवरील दोन एकरांचें खरेदीखत होतांना मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. जमीन ज्या कारणानें हातची जाते तें कारण शेतीबाहेरचें कसें मानावें ?

गेल्या गाळपाच्या हंगामांतील गोष्ट आहे. माझे एक चुलतबंधु, वय साठीच्या घरांत, रात्रपाळीच्या विजेवर उसास पाणी देऊन परत आले आणि ओट्यावर टेकले. दिवस थंडीचे, पण सदरा घामानें चिंब. डावा हात चोळीत ते एवढेंच म्हणाले, "जरा बरें वाटत नाहीं." त्यांच्या मुलानें एका खाजगी रुग्णवाहिकेस फोन केला. गाडी पाऊण तासानें आली. रोग्यास आंत निजविल्यावर, दार लावण्यापूर्वीं, चालकानें सोलापूरपर्यंतचे बारा हजार सांगितले. तेही रोख आणि आधीं. श्रीपूरहून सोलापूर पंढरपूरवरून सुमारें शंभर किलोमीटर. घरांत सात हजार निघाले. उरलेले पांच शेजारच्या तीन घरांतून गोळा केले. त्या गोळा करण्यांत वीस मिनिटें गेलीं. छातींतील कळेच्या वेळीं वीस मिनिटें म्हणजे काय, हें पुढें डॉक्टरांनीं सांगितलें तेव्हां कळलें.

वाटेंत चालक म्हणाला, "तुम्ही म्हणतां तेथें खाट नाहीं. मी सांगतों तेथें चला." अशा वेळीं कोण वाद घालणार ? तेथें गेल्यावर पन्नास हजार अनामत, आणि पांच दिवसांनीं दोन लाख अठरा हजारांचें बिल. बिल म्हणजे एकच कागद, त्यावर पांच ओळी : खोली, डॉक्टर-भेटी, औषधें, तपासण्या आणि 'संकीर्ण'.

आमचा एक भाचा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहे. तो पैसे भरण्यासाठीं गेला आणि कागद हातांत घेऊन उभाच राहिला. म्हणाला, "भरलेली गाडी किती, रिकामी किती, हें पाहिल्याशिवाय मी पावती फाडीत नाहीं. मग ह्या कागदावर पैसे कसे देऊं ?" त्यानें तपशील मागितला. अर्ध्या दिवसानें चार पानें मिळालीं. त्यांत ज्या दिवशीं मोठे डॉक्टर आलेच नव्हते त्या दिवसाच्या त्यांच्या दोन भेटी होत्या, आणि भरती केल्या रात्रीचें व दुसऱ्या सकाळचें असें खोलीचें भाडें दोन दिवसांचें धरलेलें होतें. चौदा हजार कमी झाले. कोणी भांडलें नाहीं, कोणी क्षमाही मागितली नाहीं. खिडकींतील माणसानें मुकाट्यानें ओळी खोडल्या. त्या मुकाटपणाचाच मला अधिक विस्मय वाटला. ज्यांच्या घरीं काट्यावरचा कारकून नाहीं त्यांच्या ओळी कोण खोडीत असेल ?

चुलतबंधु आतां बरे आहेत. शेजाऱ्यांचे पैसेही फिटले. परंतु माझ्या मनास अधिक लागलें तें निराळेंच. त्या रात्रीं त्या घरांत सहा मोबाइल होते आणि एकानेंही १०८ हा क्रमांक फिरविला नाहीं.

२६ जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्रांत ही १०८ क्रमांकाची सेवा चालू आहे. तीस एक पैसाही द्यावा लागत नाहीं. आरंभीं ९३७ गाड्या होत्या. पैकीं २३३ हृदयविकार व मोठ्या अपघातांच्या प्रसंगीं लागणाऱ्या उपकरणांनीं सज्ज, बाकीच्या ७०४ साध्या. गाडीबरोबर डॉक्टर असावा, ही आपल्या राज्याच्या योजनेंतील विशेष तरतूद. गरोदर स्त्री व आजारी अर्भक यांना घरून दवाखान्यांत आणि तेथून परत घरीं पोंचविण्याची फुकट सोय तर २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमापासून आहे. तिचा क्रमांक १०२. हे दोन आंकडे चुन्यानें गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावे इतके महत्त्वाचे आहेत.

आतां ह्या सेवेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर वाचक मला भाबडा म्हणतील. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या जवळ होती. ९३७ गाड्यांनीं भागिलें तर एका गाडीमागें सुमारें १ लाख २० हजार माणसें येतात. तेव्हां आपण फोन करावा आणि गाडी दुसऱ्या गांवीं गेलेली असावी, हें घडणारच. शिवाय ही गाडी साधारणपणें जवळच्या शासकीय रुग्णालयाकडे नेते. म्हणजे आमच्या भागांतून अकलूज किंवा पंढरपूर येथील उपजिल्हा रुग्णालयाकडे. पुष्कळ बागाईतदारांस तें कमीपणाचें वाटतें. सर्पदंश झाला असतां जवळच्या आरोग्य केंद्रांत लस असूनही मोठ्या शहराकडे धांव घेण्याचा जो आपला प्रघात आहे, त्यानें जीव जातो आणि पैसाही जातो.

आषाढींत तुकोबारायांची पालखी अकलूज-बोरगांवच्या रस्त्यानें जाते, तेव्हां शासनाच्या रुग्णवाहिका वाटेंत जागोजाग उभ्या असतात. हें योग्यच आहे. पालखी पुढें गेली कीं त्याही जातात. परंतु उसाची वाहतूक चार-पांच महिने चालते. मागें दिवा नसलेल्या जोड-ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात, आणि त्यांवर आदळून दरसाल माणसें दगावतात. त्या महिन्यांपुरती एक वाढीव गाडी गाळपाच्या ठिकाणीं मागून घ्यावी, असें कोणास सुचल्याचें मीं तरी ऐकिलें नाहीं. मोटार-अपघातांत सांपडलेल्यास सात दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांपर्यंत रोकड न भरतां उपचार मिळावे, अशी योजना केंद्र सरकारनें ५ मे २०२५ रोजीं जाहीर केली आहे, हेंही येथेंच सांगून ठेवतों.

आतां बिलाकडे वळूं. आपल्यासारख्या जमीनदार शेतकऱ्याची एक ठाम समजूत आहे कीं, सरकारी आरोग्य-योजना पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवाल्यांची. आपली पांढरी, आपणांस ती नाहीं. ही समजूत एके काळीं खरी होती. २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. परंतु ती पिवळ्या व केशरी पत्रिकांपुरती होती. पुढें मराठवाडा-विदर्भांतील चौदा जिल्ह्यांच्या पांढऱ्या पत्रिकेच्या शेतकऱ्यांस तिचा लाभ देण्यांत आला. त्यामुळें असा चमत्कार झाला कीं, उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांतील पांढऱ्या पत्रिकेचा शेतकरी योजनेंत, आणि शिवेच्या अलीकडचा बार्शीचा तसाच शेतकरी योजनेबाहेर. पाऊस दोघांच्याही शेतावर सारखाच कमी पडतो ! १ एप्रिल २०१७ पासून योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. नंतर २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयानें ती राज्यांतील सर्वच रहिवाशांस लागू करण्याचें आणि दरसाल कुटुंबामागें दीड लाखाची मर्यादा पांच लाख करण्याचें ठरलें. म्हणजे पांढरी पत्रिका ही आतां आडकाठी नव्हे. योजना मात्र तिच्या यादींतल्या रुग्णालयांत व यादींतल्या उपचारांसच मिळते, आणि तेथें 'आरोग्यमित्र' म्हणून बसणाऱ्या माणसाकडे आरंभींच कागद द्यावे लागतात. रुग्णवाहिकेच्या चालकानें नेलें तें रुग्णालय यादींत नसलें, कीं सर्व हक्क दाराबाहेर राहिला. आमच्या घरीं हेंच झालें. शिधापत्रिका कपाटांत आणि रोगी भलतीकडे.

जें रुग्णालय यादींत नाहीं त्याच्यावरही कायद्याचा दाब मुळींच नाहीं असें नव्हे. खाजगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा आपल्या राज्याचा कायदा १९४९ चा आहे, म्हणजे बराच जुना. त्याखालील नियमांत जानेवारी २०२१ मध्यें सुधारणा झाली. प्रवेशशुल्क, खाटेचें दररोजचें भाडें, डॉक्टरांच्या भेटीचें शुल्क इत्यादींचे दर दर्शनी भागीं लावावे, रुग्णहक्कांची सनद लावावी, आणि पैसे राहिले या सबबीवर प्रेत अडवून ठेवूं नये, असें त्यांत आहे. उपचाराचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे, असा वैद्यकीय परिषदेचा नियम २००२ पासूनचा आहे. याहून पुढची गोष्ट म्हणजे धर्मादाय न्यासांचीं रुग्णालयें. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या ४१-कक ह्या कलमाप्रमाणें त्यांनीं शेंकडा १० खाटा निर्धनांस फुकट व आणखी शेंकडा १० खाटा दुर्बल घटकांस सवलतीनें द्यावयाच्या असतात. कोणत्या रुग्णालयाच्या पाटीवर 'धर्मादाय' हा शब्द आहे, हें दारांतून आंत जातांना वाचणारे किती आहेत ?

दर बांधतां येतच नाहींत, प्रत्येक रोगी निराळा, असें पूर्वीं सांगत असत. २०२० च्या करोनाच्या साथींत शासनानें ते बांधून दाखविले. खाजगी रुग्णालयांतील शेंकडा ८० खाटा आपल्या दरांत आणून साध्या खाटेस दिवसास ४,००० रुपये, अतिदक्षता विभागांत ७,५०० आणि कृत्रिम श्वासयंत्रासह ९,००० अशी मर्यादा घातली. बिलें तपासण्यास लेखापरीक्षक नेमले. खाजगी रुग्णवाहिकांचे दर जिल्हावार ठरविण्याचा हुकूम काढला. सर्वत्र पाळले गेले असें मी म्हणत नाहीं. पण ज्या घरानें तो छापील दर पुढें केला त्याचे पैसे वांचले, हें आपल्यापैकीं पुष्कळांच्या आठवणींत असेल.

उसाचें तसेंच नाहीं काय ? तोडणी होण्याच्या आधीं रास्त व किफायतशीर दर ठरतो, काट्यावर वजन होतें, पावती मिळते. कपात कशाची केली तें बिलांत लिहिलेलें असतें. एवढें असूनही आपण भांडतों, आणि भांडलेंच पाहिजे. तोच माणूस दवाखान्याच्या खिडकीशीं गेला कीं गरीब गाय होतो. आपल्या आजोबा-पणजोबांनीं सावकाराच्या ओट्यावर हेंच केलें. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें वह्या जळल्या आणि दंग्याचें लोण पसरलें, त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांस लागू केला. त्याचें मुख्य सूत्र काय होतें ? रोखा कितीचाही असो, न्यायाधीशानें त्याच्या मागें जाऊन हिशेब मुळापासून पाहावा, आणि सावकारानें ऋणकोस पावती व हिशेबाचा उतारा द्यावा. आंकड्याच्या मागें जाण्याचा तो हक्क ह्याच जिल्ह्यानें प्रथम उपभोगिला. आज 'संकीर्ण' ह्या एका शब्दामागें जावयास आपण कां कचरतों, हें मला समजत नाहीं.

येथें डॉक्टरवर्गावर सरसकट ठपका ठेवण्याचा हेतु नाहीं. आमच्या चुलतबंधूंचा जीव डॉक्टरांनींच वांचविला. रुग्णवाहिकेच्या मालकाचीही बाजू आहे : गाडीचें कर्ज, प्राणवायूच्या नळकांड्या, रात्रभर जागणारा चालक, आणि परत येतांना रिकामी गाडी. तो जातां-येतांचें भाडें धरतो तें अगदींच वावगें नव्हे. वावगें आहे तें दार लावण्यापूर्वीं भाव करणें. बाजारांत विकणारा व घेणारा दोघेही उठून जाऊं शकतात, म्हणून त्यास बाजार म्हणतात. ओट्यावर रोगी घामानें भिजलेला असतां होतो तो सौदा कसचा ? आणि ह्या भाड्याखेरीज रोगी आणून दिल्याबद्दल कोठें कोठें आणखी कांहीं मिळतें, तें निराळेंच. ह्या 'कट'चा पुरावा कोणी मागेल, तर विंचूदंशावरील संशोधनामुळें जगांत नांव झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचें उदाहरण देतां येईल. एका रोग्यास तपासणीसाठीं पाठविल्याबद्दल त्यांच्याकडे १,२०० रुपयांचा चेक आला. त्यांनीं तो निमूटपणें खिशांत न घालतां २०१३ सालीं वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. २०१७ सालीं ही प्रथा बंद करण्यासाठीं राज्यांत कायद्याचा मसुदाही झाला. मसुदा झाला, कायदा झाला नाहीं. ते १,२०० रुपये ज्यानें दिले त्यानें ते रोग्याच्याच बिलांतून काढले असणार, हें सांगावयास नकोच.

तर मग करावें काय ? सरकारकडे अर्ज करावे, हें तर आहेच. परंतु आपला संघ शेतकऱ्यांचा आहे, आणि एकट्यानें अडल्या वेळीं करावयाचा सौदा अनेकांनीं मिळून निवांतपणें आधींच करणें, याच कामासाठीं असे संघ जन्मास आले. खताच्या पोत्यास जें लागू तें रुग्णवाहिकेस कां नसावें ?

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानें आसपासच्या खेड्यांत एक प्रयोग चालविला, तो आपल्या जिल्ह्यास फार शोभण्यासारखा आहे. पिकाच्या वेळीं प्रत्येक घरानें ऐपतीप्रमाणें ज्वारी द्यावयाची, आणि त्या वर्गणीवर वर्षभर गांवास उपचारांत सवलत. ज्वारीच्या आरोग्य-विम्याची ही कल्पना मंगळवेढ्या-मोहोळच्या मालदांडीच्या मुलुखांत पहिल्यानें निघाली नाहीं, याचें थोडें वैषम्य वाटतें. आपल्या शिवेपलीकडे कर्नाटकांत २००३ पासून सहकारी संस्थांच्या सभासदांसाठीं 'यशस्विनी' योजना चालली. आरंभीं वर्गणी महिन्यास ५ रुपये, म्हणजे वर्षास ६०. शस्त्रक्रियांचे दर रुग्णालयांशीं आगाऊ ठरविलेले. २०१८ मध्यें ती सरकारच्या मोठ्या योजनेंत मिळवून बंद केली आणि २०२२ मध्यें पुन्हां सुरू करावी लागली. तिला सरकारी पैशाचा टेकू लागतो, हें विसरूं नये. सहकारी तत्त्वावर मोठें रुग्णालय चालविण्याचें उदाहरण तर सोलापूरांतच अश्विनी सहकारी रुग्णालयाच्या रूपानें समोर आहे. श्रीपूरास १९३४ सालच्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्यापासून आजच्या पांडुरंग सहकारी कारखान्यापर्यंत उसाच्या कारखानदारीची परंपरा आहे. एवढी यंत्रें चालविणाऱ्या भागास एक गाडी वेळेवर आणवितां येऊं नये ?

मी मोठें कांहीं मागत नाहीं. रुग्णालय काढा असें म्हणत नाहीं. तें आपल्या आवांक्यांतलें नव्हे, आणि अर्धवट काढलेलें रुग्णालय हें नसण्याहून वाईट. संघानें अकलूज व पंढरपूर भागांतील दोन-तीन रुग्णवाहिका-मालकांशीं पावसाळ्यापूर्वीं लेखी करार करावा : पहिल्या टप्प्याचें ठोक भाडें किती, पुढें किलोमीटरमागें किती, थांबल्याचें किती. ते दर ह्याच मासिकाच्या मलपृष्ठावर दरमहा छापावे. सभासदानें दारांत रोख द्यावयाचें नाहीं; संघानें आठवड्याचे आंत मालकास द्यावें व सभासदाच्या उसाच्या बिलांतून हप्त्यानें वळतें करून घ्यावें. मालकाचें येणें बुडत नाहीं म्हणून तो दर कमी करील, आणि गाडी सभासद सांगेल त्याच रुग्णालयांत नेण्याची अट मान्य करील. त्यासाठीं योजनेच्या यादींतलीं रुग्णालयें कोणतीं, तें छापील पत्रक प्रत्येक घरीं शिधापत्रिकेशेजारीं ठेवावें. प्रथम १०८, ती लौकर येणार नसेल तर संघाची गाडी, असा क्रम असावा.

यास निधि लागेल. टनामागें दोन रुपये धरले, तर शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे वर्षास दोनशें रुपये होतात. असे हजार सभासद मिळाले तर दोन लाख. ज्याचा ऊस नाहीं त्यानें ज्वारी द्यावी. एवढ्यानें कोणाची शस्त्रक्रिया होणार नाहीं, हें मी स्वच्छ सांगतों. पण ज्यांना भाड्याचा हप्ताही झेपत नाहीं अशांची वाहतूक निघेल, आणि बिल वाचणारा एक हिशेबनीस अर्ध्या वेळेचा ठेवतां येईल. माझ्या मतें ह्या सगळ्यांत खरें मोलाचें माणूस तोच. फंड म्हटला कीं खाणारा आलाच, असें आमचे एक वडीलधारे सभासद म्हणाले. त्यांना माझें उत्तर एवढेंच कीं, जमाखर्च दर तिमाहीस येथेंच छापावा आणि त्यांनीं स्वतः चष्मा लावून तो तपासावा. त्यांनीं तें कबूल केलें आहे.

हा ठराव येत्या वार्षिक सभेपुढें मी मांडणार आहें. अनुमोदक मिळाले आहेत. एकच गोष्ट अद्याप सुटलेली नाहीं. रात्रीं दोन वाजतां फोन उचलणार कोण ? सचिवांवर हें ओझें टाकणें बरें नव्हे, ते दिवसभर राबतात. संघाच्या गोदामावरचा रखवालदार रात्रभर जागाच असतो. फोन त्याच्याजवळ ठेवावा, गाडीवाल्यांचे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि ह्या कामासाठीं त्याच्या पगारांत काय वाढवावयाचें तें सभेनेंच ठरवावें.